दहा वेळा लिहून आण

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या दिवशी सकाळी माझ्या फोनवरून सातशे नव्याण्णव रुपये एका ऑनलाइन कोर्सला भरले. हजर तिघे: मी, माझी बायको आणि माझ्या शाळेच्या बाई. कोर्स होता 'परिणामकारक अभ्यास कसा करावा', मुदत सहा आठवडे, आणि त्यात नाव घालणारी विद्यार्थिनी म्हणजे बाईच. वय अठ्ठ्याहत्तर. फॉर्ममध्ये 'आपली इयत्ता' असा रकाना होता आणि त्याखाली पाचवीपासून पदवीपर्यंतचे पर्याय होते. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "पाचवी टाक. उभा जन्म पाचवीतच गेला माझा."

पैसे त्यांनी रोख आणले होते, आठशे. वरचा रुपया परत करायला माझ्याकडे सुटा नव्हता. दुसरं कोणी 'राहू दे' म्हणालं असतं. बाई बसून राहिल्या. शेवटी बायकोने देवघरातला रुपया आणून दिला. तो पाकिटात टाकत बाई तिला म्हणाल्या, "देवाचा घेतलास. संध्याकाळी आठवणीने ठेव परत."

बाईंनी मला महानगरपालिकेच्या शाळेत पाचवीला शिकवलं. पुढे मी आमच्या गल्लीत घर घेतलं तेव्हा कळलं की मागच्या बोळात त्या राहतात. एकट्याच. लग्न केलं नाही. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, म्हणून त्यांच्या पेन्शनची कागदपत्रं माझ्याकडे आली. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी मी त्यांना स्कूटरवरून बँकेत न्यायचो. तिथला पोरगा मशिनवर बोट ठेवायला सांगायचा आणि बाई बोट ठेवताना मोठ्याने म्हणायच्या, "हजर."

'कसा आहेस' असं त्या कधी विचारत नसत. दारात आल्या की, "काय चाललंय, एका वाक्यात सांग." सुरुवातीला बायको गोंधळायची. ती मैंदर्गीची, माहेरी कानडी बोलणारी. घाईत तिचं मराठी वाक्य अर्ध्यावर राहतं. पुढे तीच तयार झाली. बाईंची छत्री फाटकात दिसली की स्वयंपाकघरातून ओरडायची, "एका वाक्यात, बाई! गॅस संपला आणि हे पेपर वाचतायत!"

"ही दोन वाक्यं झाली," बाई म्हणायच्या. "पण दुसरं खरं दिसतंय."

शाळेत बरोबर उत्तराला त्या लवंग द्यायच्या. अर्धी. लवंगेचं फूल मोडून नुसती काडी. पूर्ण लवंग मिळालेला मुलगा मी पाहिला नाही. आणि चुकलं की एकच शिक्षा: "दहा वेळा लिहून आण." शुद्धलेखन चुकलं, दहा वेळा. उत्तर पुस्तकातल्या शब्दांत आलं नाही, दहा वेळा. वर्गात तेलुगू, कानडी किंवा घरची दख्खनी बोललं, तर वीस. मारलं त्यांनी कोणालाच नाही. "आधी हाताला येऊ दे, डोक्याला मागाहून येईल," असं त्या सांगायच्या आणि आमचा सगळ्यांचा त्यावर विश्वास होता. माझा तर होताच, कारण मी लिहीत गेलो आणि पहिला येत गेलो.

या वयात कोर्स कशाला, तर त्याचं असं झालं. गल्लीतली चार-पाच मुलं संध्याकाळी बाईंकडे अभ्यासाला यायची. ती एकेक करून बंद झाली. शेवटच्या मुलीची आई भाजीच्या गाडीवर भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, राग मानू नका, पण आता असं शिकवत नाहीत." बाईंना राग आला नाही. त्यांनी विचारलं, "मग कसं शिकवतात?" त्या आईला ते सांगता येईना. तिने मोबाइलमधली जाहिरात दाखवली.

कोर्स शिकवणारा पुण्याचा पंचविशीतला मुलगा होता. दाढी, गळ्यात कसलीशी माळ, हातात कॉफीचा मग. बाई त्याला 'सर' म्हणायच्या. फोन तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायच्या आणि समोर उभ्या राहायच्या, कारण गुरू बोलत असताना बसायचं नाही. तो "कळलं का, फ्रेंड्स?" म्हणाला की या "हो सर" म्हणायच्या. व्हिडिओ मध्येच थांबवता येतो हे मी त्यांना चारदा दाखवलं, पण त्यांना ते पटलं नाही. "सर बोलतायत आणि मी त्यांच्या तोंडावर बोट दाबू?" मग कुकरची शिट्टी झाली की तेवढं वाक्य जायचं आणि त्या वाक्यासाठी सगळा धडा पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा उभ्याने. गुडघे सुजायचे.

"बरा शिकवतो," त्या म्हणाल्या. "पण त्याला सांग, मी त्याची फ्रेंड नव्हे."

तिसऱ्या धड्यानंतर त्या दोन दिवस दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी, रविवारी, बायको शेंगाची चटणी कुटत होती तेव्हा आल्या. 'एका वाक्यात' नाही, काही नाही. सरळ खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "उभा राहा."

मी एक्कावन्न वर्षांचा माणूस, बनियनवर होतो. उभा राहिलो.

"मोसमी वारे कसे निर्माण होतात?"

"बाई, आता...?"

"तू पहिला आला होतास त्या वर्षी. हे उत्तर तू दहा वेळा लिहिलंयस. सांग."

मी सुरुवात केली. 'उन्हाळ्यात जमीन' एवढं आलं. पुढे 'तापते' असावं असं वाटलं. त्यापुढे काहीच नव्हतं. मला त्या वहीचं पान दिसत होतं, डावीकडचा लाल समास दिसत होता, खाली बाईंची सही दिसत होती. पानावर काय लिहिलंय ते दिसत नव्हतं. आतून कुटण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे बायको ऐकत होती. त्याची मला जास्त लाज वाटली. घरात मी हिशेबाचा पक्का माणूस म्हणून वावरतो.

"हृदयाचे कप्पे?"

"चार."

"नावं."

मी छातीवर हात ठेवला.

"बस," बाई म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. मग सरांनी तिसऱ्या धड्यात काय सांगितलं ते सांगितलं. पुन्हा पुन्हा वाचणं, बघून बघून उतरवणं, यानं आपल्याला येतंय असं नुसतं वाटतं. पुस्तक मिटून आठवावं. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे ज्याला त्यातलं काही माहीत नाही अशा माणसाला समजावून सांगावं, आपल्या शब्दांत, घरी बोलतो त्या भाषेत. तो मध्ये 'मग पुढे?' म्हणाला आणि आपल्याला सांगता आलं, तर समजावं की आलं.

"हे तो मुलगा कॉफी पीत पीत सांगत होता," बाई म्हणाल्या. "हसत हसत."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "आमच्या शाळेत कानडी बोललं की हातावर पट्टी बसायची," ती म्हणाली. "तुमी लिहायलाच लावत होता की, बाई. मारत तर नव्हता."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "अनसूया आठवते?"

आठवत होती. दोन वेण्या, मधल्या रांगेत, खिडकीकडे. घरचे विणकर, बोलणं तेलुगू. तिचं उत्तर बहुतेक बरोबर असायचं, पण पुस्तकातल्या शब्दांत कधीच नसायचं, आणि मराठी वाकडंतिकडं. बाई म्हणायच्या, "पुस्तकात असं कुठे आहे?" आणि अर्धी लवंग दुसऱ्या कोणाला तरी जायची. पुष्कळदा मलाच. मग पाचवीच्या वर्षअखेरीस ती उत्तरं द्यायचीच थांबली. सातवीनंतर शाळेतच दिसली नाही.

त्या थांबण्याचं कारण मला त्या रविवारी कळलं. वार्षिक परीक्षेच्या आधी बाई मुलांच्या घरी जात, अभ्यास कसा चाललाय ते बघायला. तशा अनसूयाच्या घरी गेल्या. दारातच थांबल्या, कारण आत त्यांना तेलुगू ऐकू आलं. अनसूयाची आई आणि शेजारच्या दोघी-तिघी मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. समोर अनसूया, पुस्तक मिटलेलं, हातवारे करत भराभरा काहीतरी सांगत होती. बायका मध्येच काही विचारत होत्या, हसत होत्या.

"मी म्हटलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, अभ्यास करतेय, बाई. रोज जे शिकवता ते आईला सांगते. मी म्हटलं, हा अभ्यास? अभ्यास मराठीत करायचा, आणि बोलून नाही, लिहून. तिच्या आईलाही सांगितलं, तिला काही विचारत जाऊ नका, तिचा वेळ जातो. आणि सबंध धडा दहा वेळा लिहायला दिला." बाईंनी पेला खाली ठेवला. "सर तिसऱ्या धड्यात जे सांगतायत ना, ते ती पोरगी दहाव्या वर्षी करत होती. माझ्या डोळ्यांसमोर. मी बंद केलं."

बायको म्हणाली, "तवा तुमाला काय माहीत, बाई?"

"माहीत नव्हतं, म्हणून तर विचारायला हवं होतं."

त्यानंतरचा महिनाभर बाईंनी मला जो त्रास दिला तो मी मोजला नाही, पण स्कूटरला पेट्रोल बरंच लागलं. त्यांना खात्री करून घ्यायची होती. एकट्या माझ्यावरून कसं ठरवायचं? कदाचित मीच मठ्ठ असेन. म्हणून रविवारी मी त्यांना जुन्या विद्यार्थ्यांकडे नेत असे. शाळेत मी मॉनिटर होतो, ते काम अजून सुटलेलं नाही.

औषधाच्या दुकानातला प्रसंग सांगतो. दुकानदार आमच्याच वर्गातला. काउंटरपुढे पाच-सहा माणसं, एका बाईच्या कडेवर तापलेलं मूल. आमच्या बाई सरळ पुढे गेल्या, छत्री काउंटरवर आडवी ठेवली. "ओळखलंस? बरं. पृथ्वीचं परिवलन म्हणजे काय?"

"बाई, हितं गिऱ्हाईक हाय की."

"दोन वाक्यांत सांग, मग गिऱ्हाईक बघ."

मागून कोणीतरी म्हणालं, "अहो आजी, गोळ्या घ्या आणि बाजूला व्हा." मी दुसरीकडे बघू लागलो, जणू मी त्यांच्याबरोबर नव्हतोच. पण दुकानदाराने मला पाहिलं होतं. "अरे, तू सांग की! पहिला नंबर तुझा!" रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी सांगितलं की मला घाई आहे.

तो भला माणूस. त्याने बाईंना आत बोलावून स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि आपल्या उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. पेन टेकायचं तिथे अजून घट्टा होता. "बाई, उत्तर न्हाई येत. पण लई लिहून घेतलंत तुमी. अक्षर बघा माझं, डॉक्टर लोक पण विचारतात." त्याने एक पाकीट काढून त्यावर 'दिवसातून दोनदा' लिहून दाखवलं. सुंदर अक्षर होतं.

बाईंनी ते पाकीट बराच वेळ पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मी अक्षराची बाई."

एका वकिलाकडे गेलो, एका दूध डेअरीवाल्याकडे गेलो. सगळे पाया पडले. सगळ्यांना दहा वेळा लिहिलेलं आठवत होतं. काय लिहिलं होतं ते कोणालाच नाही. डेअरीवाला तर आनंदाने सांगत होता की त्याची बहीण त्याच्या बदली लिहायची आणि ते बाईंना कधीच कळलं नाही. तो हसत होता, मीही हसलो. बाई हसत नव्हत्या हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

कोर्समध्ये सरांना प्रश्न विचारायची सोय होती. बाईंनी मला सांगून टाइप करून घेतलं: 'शिक्षकाने चुकीच्या पद्धतीने शिकवलं असेल आणि विद्यार्थी आता मोठे झाले असतील, तर काय करावे?' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. अंगठ्याचं चित्र आणि खाली 'छान प्रश्न! असेच शिकत राहा!' बाईंनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. "पुन्हा वाच," म्हणाल्या. पुन्हा वाचलं.

"सरांना वेळ नसेल," त्या म्हणाल्या. पण त्या दिवसापासून व्हिडिओसमोर उभं राहणं थांबलं. पुढचे धडे त्यांनी पाहिलेच नाहीत.

अनसूयाचा पत्ता सुताच्या दुकानातल्या एका ओळखीच्याने शोधून दिला. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहते, शाळेचे गणवेश शिवते. मी बाईंना म्हटलं, फोन नंबर मिळालाय, फोनवर बोला. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. चाळीस वर्षांनी कोणाच्या दारात जाऊन माफी मागायची, हे मला नाटकी वाटत होतं, आणि शेजारी आपण उभं राहायचं हे त्याहून नको वाटत होतं. बाई म्हणाल्या, "घरी जाऊन बंद केलं होतं. घरीच जायला पाहिजे."

बायको मला म्हणाली, "अहो, तुमी येत नसलात तर मी जाते की त्यांच्यासंगं." मग मी गेलो.

मे महिन्यातली दुपार. त्या उन्हात स्कूटर नको म्हणून रिक्षा केली. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, त्याच्या भोवती निळ्या अर्ध्या पँटी आणि पांढऱ्या शर्टांचे ढीग. अनसूया मशिनवरून उठली. अंगाने भरलेली, केस पिकलेले. क्षणभर तिला कळेना, आणि मग एकदम, "अय्यो, बाई! तुमी? कुटं इकडं उन्हाचं?" पाया पडली. मला बघून म्हणाली, "आणि हा पहिला नंबर व्हय? टक्कल पडलं की रे!"

बाई बसल्या नाहीत. त्यांनी काय बोलायचं ते ठरवून आणलं होतं. धडा म्हणतात तशा एका दमात बोलल्या: त्या दिवशी दारात आले होते ते, तेलुगूत सांगू नको म्हटलं ते, दहा वेळा लिहायला लावलं ते, आणि तूच बरोबर होतीस, चूक माझी होती. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, फक्त छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती.

अनसूयाने ऐकून घेतलं आणि ती चक्क हसली. "त्याचं काय एवढं, बाई? मला तर सुटल्यासारखं झालं! रोज शाळेतून आलं की आई धरून बसवायची. आज काय सांगितलं, मग पुढं, मग पुढं. खेळायला सोडायची न्हाई. तुमी न्हाई म्हणून गेलात, मी त्या दिवशी पोटभर लंगडी खेळले. लिहायचं तर शेजारणीची पोर लिहून द्यायची."

"मग वर्गात बोलायची का थांबलीस?"

"आईला सांगायचं न्हाई म्हटल्यावर कशाला लक्ष द्यायचं वर्गात?" ती सहज म्हणाली. "शाळा सुटली ती वडिलांच्या आजारपणात. तुमचं काय न्हाई त्यात."

मला हायसं वाटलं. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं होतं, त्याच्याकडे बघून खूण केली की येतोच. पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

"आई कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"हाय की. आत पडलीय." अनसूयाने आतल्या खोलीचा पडदा सारला. "अम्मा, पंतुलम्मा वच्चिंदी." शाळेच्या बाई आल्यात.

आत अंधार होता. खाटेवर एक बारीकशी म्हातारी आडवी होती. ते शब्द ऐकताच ती धडपडत उठून बसली, डोक्यावर पदर घेतला आणि घाईघाईने म्हणाली, "नेनू एमी अडगलेदू." पुन्हा तेच, हात हलवून. "नेनू एमी अडगलेदू."

अनसूयाचं हसू गेलं होतं.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"काही न्हाई, बाई. म्हातारं माणूस."

"सांग."

अनसूया जमिनीकडे बघत म्हणाली, "म्हणती, मी हिला काही विचारलेलं न्हाई."

मी पंख्याकडे बघत राहिलो. कोणाकडे बघावं ते कळेना. त्या म्हातारीला वाटत होतं की शाळेतून तपासणी आलीय. चाळीस वर्षं तिने तो हुकूम पाळला होता आणि आज झोपेतून उठून पहिली साक्ष तीच दिली. आम्ही माफी मागायला आलो होतो ती भलत्याच माणसाची. शाळा बंद झाली होती ती या आईची, आणि तिचं नाव कुठल्याही हजेरीत नव्हतं.

बाई खाटेजवळ गेल्या, खाली फरशीवर बसल्या. गुडघ्यांनी ते कसं सोसलं कोण जाणे. "अनसूया, आईला विचार, त्या दिवशी काय विचारायचं राहिलं होतं?"

अनसूयाने विचारलं. म्हातारीने मुलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं; मी कोणी साहेब असेन असं तिला वाटलं असावं. मी दाराबाहेर सरकलो. मग ती हळूहळू बोलू लागली आणि अनसूया सांगू लागली.

"चंद्राच्या ग्रहणाचं म्हणती. चंद्रावर सावली पडती, एवढं मी सांगितलं व्हतं. तेवढ्यात तुमी आलात. कुणाची सावली ते राहिलं." अनसूयाला स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं. "मला कधी विचारलं पण न्हाई हिनं! कुणाची असती, बाई? मी पण विसरले की."

बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. "सांग रे."

मी घाबरलो. "चंद्राची," म्हणालो.

"चंद्राची सावली चंद्रावरच पडती व्हय रे?" अनसूया म्हणाली. "पहिला नंबर कसा आला तुझा?"

पूर्वी बाईंनी मला दहा वेळा लिहायला सांगितलं असतं. आता त्यांनी अनसूयाला मशिनवरचा वायरचा दिवा आत आणायला सांगितला, म्हातारीच्या पाठीमागे धरायला लावला. मला आत बोलावून एक पांढरी ताटली हातात दिली आणि समोरच्या भिंतीला टेकवून धरायला लावली. ताटलीवर म्हातारीच्या डोक्याची सावली पडली. काळी, पदरासकट.

"विचार त्यांना, ही कुणाची?"

म्हातारीने हात वर केला. ताटलीवर हात आला. तिने बोटं हलवली, ती हलली. "नादि," ती म्हणाली. माझी.

"दिवा म्हणजे सूर्य. ताटली चंद्र. आणि मध्ये आपण. ही सगळी जमीन, तुमचं घर, सोलापूर, सगळं. सूर्याच्या आणि चंद्राच्या मध्ये आपण येतो."

अनसूया सांगत होती आणि म्हातारी तिला मध्येच थांबवत होती, काहीतरी विचारत होती, दिव्याकडे बोट दाखवत होती. अनसूया सांगायची, बाईंना विचारायची, पुन्हा सांगायची. माझा हात अवघडला होता, पण ताटली खाली घ्यायची हिंमत नव्हती. शेवटी म्हातारी अंधारात पुढे झुकली.

"मनदे?"

"आपलीच का, म्हणती," अनसूया म्हणाली.

"आपलीच," बाई म्हणाल्या.

मग म्हातारीने सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, तेलुगूत, हातवारे करून. बाईंना त्यातला एक शब्द कळत नव्हता. त्या मान वर करून ऐकत राहिल्या. मध्ये थांबवलं नाही, डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

आम्ही निघालो तेव्हा म्हातारीने उशीखालची छोटी पिशवी काढली आणि त्यातली वीस रुपयांची नोट बाईंपुढे धरली. बाईंनी हात मागे घेतला. "अगं, हिला सांग, नको. मी कसे घेऊ हिच्याकडून? कोणत्या तोंडाने?"

अनसूयाने आईला विचारलं, आईने दोन शब्द सांगितले.

"फी म्हणती," अनसूया म्हणाली. "घ्या, बाई. न्हाईतर ती पुन्हा काही विचारायची न्हाई."

बाई तशाच उभ्या राहिल्या. रिक्षावाला बाहेरून हॉर्न देत होता. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि वीस रुपये घेतले.